आत्याचं पित्त

साताऱ्याच्या आमच्या आत्याचं डोकं दुखायला लागलं की ते घरभर कळतं. रेडिओ बंद होतो. माजघराच्या खिडकीवर जुनी नऊवारी आडवी टांगली जाते आणि फडताळातली सहाण ओट्यावर येते. सहाणेवर चमचाभर पाणी घालून आत्या सुंठेचा तुकडा गोल गोल फिरवत बसते. पाण्याला आधी मातकट रंग चढतो, मग ते दाटतं, मग नाकात झणझणायला लागतं. तो लेप बोटाने कपाळभर ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. लेप वाळत आला की कातडी ताणली जाते आणि आग होते. आत्या म्हणते, वरची आग लागली की आतल्या ठणक्याचा तेवढा विसर पडतो.

चैत्रातल्या संकष्टीला आम्ही तिच्याकडे होतो आणि दुपारी तीनलाच खिडकीवर नऊवारी चढली. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. रात्री चंद्र उगवला, नैवेद्य झाला, पण ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र काहीच घडलं नसल्यासारखी झोपाळ्यावर चहा घेऊन बसली. समोर आमची लेक. नुकतीच एमबीबीएसची इंटर्नशिप संपवलेली, त्यामुळे दिसेल त्याला तपासायची हौस अजून ताजी.

"काल फार पित्त खवळलं बघ," आत्या म्हणाली.

"ते पित्त नव्हतं, आजी. मायग्रेन होतं. अर्धशिशी."

"नाव बदललं म्हणजे दुखणं बदलतं का गं, डॉक्टरीणबाई? उलटीत काय पडलं ते मी बघितलंय. हिरवंपिवळं, कडूजहर. ते पित्त नाही तर काय मायग्रेन पडलं?"

"दिवसभराच्या उपाशी पोटातून दुसरं काय पडणार? मला सांग, आधी मळमळ सुरू झाली की आधी डोकं?"

आत्याने आठवून पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नाही. "आधी डोकं. डावा डोळा, मग डावं कानशील. ठण ठण ठण. मळमळ तासाभराने."

"मग पोटाने डोकं दुखवलं कसं? झटका सुरू होतो तो डोक्यातल्या नसांमध्ये. चेहऱ्याची, कपाळाची संवेदना नेणारी मोठी नस असते, ती चेकाळते. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, त्याच्यावरच्या आवरणाला आणि रक्तवाहिन्यांना कळतं. आणि डोक्यात हा गोंधळ सुरू झाला की पोटाचं काम मंदावतं. खाल्लेलं पुढे सरकत नाही. गोळी घेतलीस तरी तीही तिथेच बसून राहते. म्हणून तर डॉक्टर पुष्कळदा दुखण्याच्या गोळीबरोबर मळमळ थांबवणारी गोळीही देतात."

"म्हणजे पोटाचा संबंध आहेच की!"

"आहे. पण पोट बिचारं डोक्याच्या मागून फरफटत जातं."

"आणि उलटी झाली की हलकं वाटतं, ते?"

"पुष्कळांना वाटतं. तोवर झटक्याचा जोरही ओसरत आलेला असतो. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो एकेक झटका."

इथे मला मध्ये तोंड घालावंसं वाटलं, ते घातलंही. आपल्याकडे पित्त हा शब्द तीन दुखण्यांवर चालतो. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, छातीत जळजळलं तरी पित्त आणि अर्धं डोकं ठणकलं तरी पित्तच. मग जळजळीची गोळी ठणक्यासाठी घेतली जाते आणि उतार पडला नाही की पित्त फार जुनं आहे असं ठरतं. गंमत म्हणजे ज्या आयुर्वेदाच्या नावावर आपण हे खपवतो, तो इतका ढोबळ नाही. सुश्रुतसंहितेत डोक्याची अकरा दुखणी वेगवेगळी सांगितली आहेत. उन्हाबरोबर चढणारं आणि संध्याकाळी उतरणारं त्यांतलं एक सूर्यावर्त, आणि अर्धं डोकं फोडणारं अर्धावभेदक. या अर्धावभेदकाचं खापर चरकाने वातावर, किंवा वात आणि कफावर फोडलं आहे. एकट्या पित्ताच्या गळ्यात ते आपण घातलं.

"चरकाला काय, माझ्या डोक्यात बसून लिहिलं होतं का त्याने?" आत्या म्हणाली. "मला माझं ठाऊक आहे. सत्तावन्न वर्षं झाली. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा दुखलं, आता एकाहत्तर चालू आहे. उपास केला की दुखतं. वैशाखातल्या लग्नाला गेलं, जेवण साडेतीनला मिळालं की दुखतं. जागरण झालं की दुखतं. देवळात धुपाचा लोट नाकात गेला की दुखतं. आणि न्हायलं की दुखतं. सांग, यातलं कुठलं खोटं?"

लेक बोटांवर मोजत होती. उपाशी राहणं, ऊन, पाणी कमी पडणं, अपुरी झोप, उग्र वास, हे सगळं तिच्या पुस्तकात होतं. रविवारी दहापर्यंत लोळून उठलेल्यांचंही डोकं दुखतं, अशी भरही तिने घातली. अर्धशिशीच्या डोक्याला रोजच्या वेळा मोडलेल्या खपत नाहीत, कमीही नाही आणि जास्तही नाही. न्हाण्यावर मात्र ती हसली.

"केस धुतल्याने कुणाचं डोकं दुखतं, आजी? हे ओल्या केसांनी सर्दी होते, त्यातलं झालं."

"मग बघ की तुझ्या त्या फोनमध्ये."

तिने पाहिलं. चहा निवेपर्यंत वाचत राहिली आणि मग कान धरले. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली नेमका याच विषयावर निबंध छापला आहे. डोक्यावरून न्हायलं की अर्धशिशी उठते अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं त्यात आहेत. परदेशी पुस्तकांत हे कारण सहसा सापडत नाही. लांब केस डोक्यावरून धुऊन ओलेच बांधून ठेवायची पद्धत आपली, तेव्हा दुखणंही आपल्याच बायकांना आधी माहीत असणार.

"चौऱ्याण्णवात मी धरून पंचाण्णव कर," आत्या म्हणाली आणि झोपाळ्याला एक जोराचा झोका दिला.

मग जांभयांचं निघालं. आत्याच्या लहानपणी तिला लागोपाठ जांभया यायला लागल्या की तिची आई मीठमोहऱ्या आणि मिरच्या घेऊन दृष्ट काढायची. दृष्ट काढूनही संध्याकाळपर्यंत डोकं धरायचंच, मग आई म्हणायची, नजर जबर होती. लेक हे ऐकून ताठ बसली. अर्धशिशीच्या आधी काही तास, कधी आदल्या दिवसापासूनही, शरीर खुणा करतं, असं ती म्हणाली. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, काहीतरी आंबट किंवा गोड खायची अनावर इच्छा होते.

"तुला लोणच्याने डोकं चढतं असं तू म्हणतेस ना? कदाचित डोकं चढणार असतं म्हणून तुझा हात लोणच्याच्या बरणीत जातो."

आत्याला हे पटलं नाही. पण बराच वेळ ती काही बोललीही नाही, आणि तिच्या बाबतीत ते पटण्याच्या जवळपासचं असतं.

माझ्या दुखण्यावर मात्र दोघींचं पहिल्या मिनिटाला एकमत झालं. माझं डोकं संध्याकाळी पाचनंतर घट्ट फेटा बांधल्यासारखं दोन्हीकडून आवळतं. ठणका नाही, मळमळ नाही, नुसता दाब. मी मुद्रितं तपासतो. आत्याचं निदान असं की हा दिवसभर बगळ्यासारखी मान घालून बसतो आणि दात खातो. लेकीच्या भाषेत ती ताणाची डोकेदुखी, जगात सगळ्यांत जास्त आढळणारी. उपायही दोघींचा एकच निघाला. लॅपटॉपखाली चार जाडे शब्दकोश ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणायचा, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद पाहायचं, चाळिशीचा नंबर तपासून घ्यायचा आणि पाठ सरळ करायला उठायचं. शब्दकोशांचा एवढा उपयोग मला गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता.

बाकीच्यांची डोकी ओळीने निकालात निघाली. माझ्या बायकोला सायनस आहे. लेकीने २००४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगितली. सायनसची डोकेदुखी आहे असं स्वतः किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या २,९९१ माणसांना तपासलं, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. बायको ओट्यापाशी होती, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेजारच्या काकूंना डोकं दुखलं की बीपी वाढल्याची खात्री असते, पण बीपी थोडंफार वर गेल्याने सहसा डोकं दुखत नाही, ते फारच भडकलं तर दुखतं. म्हणूनच डोकं दुखत नाही या भरवशावर बीपी न तपासता राहणंही चूक. पुण्याच्या भाच्याचं कपाळ हेल्मेटने आवळतं, त्याने एक माप मोठं घ्यावं. आणि घट्ट अंबाड्याने दुखणारं डोकं अंबाडा सोडला की थांबतं, त्याला डॉक्टर लागत नाही.

"काल दिवसभरात चहा किती झाला, आजी?" लेकीने मध्येच विचारलं.

"संकष्टीला मी चहा घेत नाही. नेम आहे."

"आणि एरवी?"

"पाच वेळा. अर्धा अर्धाच कप हो."

"शेवटचा परवा संध्याकाळी पाचला. म्हणजे काल तीनपर्यंत बावीस तास झाले. रोजच्या चहाची सवय असलेल्या माणसाचा चहा तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. वरून पोट रिकामं. दोन दोन कारणं एकाच दिवशी तू हाताने जुळवून आणतेस आणि बोल मात्र पित्ताला!"

"गणपतीला बोल नाही लावलास हे नशीब."

इथपर्यंत हे गमतीगमतीत चाललं होतं. मग लेकीने एक प्रश्न विचारला, तो मलाही कधी सुचला नव्हता. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होते, आणि बऱ्याच जणींची ती पाळी गेल्यावर सौम्य होते. आत्याची का झाली नाही? उलट गेल्या पाच-सहा वर्षांत वाढली कशी?

"वय," आत्या म्हणाली.

"वयाने कमी व्हायला हवी होती. तुझा गोळ्यांचा डबा कुठे आहे?"

डबा बिस्किटांचा जुना पत्र्याचा होता. आत मापाचा चमचा, थर्मामीटर, पिवळ्या बामची बाटली आणि गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या. बाम लेकीने बाजूला ठेवला. त्यातल्या थंडाव्याने ताणाच्या दुखण्याला खरंच बरं वाटतं, चोळायला हरकत नाही, म्हणाली. पट्टीची मागची बाजू मात्र तिने आत्याचं भिंग लावून वाचली. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तीन औषधांची नावं होती आणि तिसरं कॅफीन.

"महिन्याला किती लागतात?"

"लागेल तेव्हाच घेते."

आत्या खोटं बोलत नाही असं मी वर लिहिलं आहे. हे उत्तरही खोटं नव्हतं. तिने कधी मोजलंच नव्हतं. पण तिच्या नकळत मोजदाद होत होती, ती ओट्याशेजारच्या खिळ्याला लटकत होती. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयच्या चौकटींचा जेवढा उपयोग तिथीसाठी होतो, तेवढाच हिशेबासाठी होतो. आत्याच्या चौकटींत दुधाचे आकडे, गॅस आल्याची तारीख, धुणंवालीचे खाडे आणि अधूनमधून ‘मेडिकल’ असा शब्द बारीक अक्षरात. लेकीने फेब्रुवारीचं पान उलटलं. मेडिकल दोनदा. मार्चमध्ये तीनदा. एका वेळी दहा गोळ्यांची एक पट्टी.

"म्हणजे महिन्याला वीस ते तीस गोळ्या. महिन्यातले दहापेक्षा जास्त दिवस तर नक्कीच. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, नुसती साधी असेल तर पंधरा किंवा जास्त दिवस, आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, की ज्याला मुळात अर्धशिशी आहे त्याचं डोकं गोळीनेच दुखायला लागतं. गोळी उतरली की डोकं तिची आठवण काढतं."

"थांब. मी गोळी खाते म्हणून डोकं दुखतं, आणि डोकं दुखतं म्हणून मी गोळी खाते?"

"हो."

"मग आधी बी की आधी झाड?"

"बी तुझ्या चौदाव्या वर्षी पडलं. एवढं झाड मात्र पट्ट्यांनी केलं."

आत्याने डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि झाकण लावलं. नंतर ती जे बोलली ते आवाज न चढवता.

"तू म्हणतेस वेळेवर जेवावं, वेळेवर निजावं, दुखलं की अंधाऱ्या खोलीत पडावं. बरोबर आहे. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. सकाळी सहा माणसांचा स्वयंपाक, मग साठ पोरांचा वर्ग, परत आले की पुन्हा स्वयंपाक. सगळ्यांचं झाल्यावर माझं ताट. सुंठ उगाळायला वीस मिनिटं लागतात आणि लेप लावून उभं राहता येत नाही. गोळी पाण्याबरोबर गिळली की अर्ध्या तासात खडू हातात धरता यायचा. तेव्हा मला कुणी म्हटलं नाही की बाई, तू पड, मी वर्ग बघतो."

लेकीकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच, कारण त्या सहा माणसांत सुट्टीत येणारा मी एक होतो. डोकेदुखी टाळायच्या ज्या याद्या छापून येतात त्या खऱ्या असतात, पण त्या ताट समोर वाढून मिळणाऱ्या माणसाच्या असतात. ज्या बाईच्या जेवणाची वेळ दुसऱ्यांच्या ढेकरेवर ठरते, तिला ‘जेवणाच्या वेळा पाळा’ असं सांगायचं असेल तर ते तिला न सांगता घरातल्या बाकीच्यांना सांगायला हवं.

"आणि तू गं?" आत्याने मोर्चा फिरवला. "रात्री दीडपर्यंत मोबाईलचा उजेड मला दिसत होता. सकाळपासून पोटात नुसती कॉफी. कानशिलं दाबत बसली आहेस ती मघापासून बघतेय मी."

लेकीने हात खाली घेतले. आत्याने आतून दडपे पोह्यांची बशी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि ती रिकामी होईपर्यंत पुढचं बोलू दिलं नाही.

पोहे संपल्यावर लेकीने एक गोष्ट मात्र पक्की वदवून घेतली. ठिणगी पडावी तसं मिनिटभरात परमावधीला पोचलेलं दुखणं, तापाबरोबर मान ताठणं, बोलताना जीभ अडखळणं, हात किंवा पाय लुळा पडणं, दिसेनासं होणं, डोक्यावर पडल्यानंतरचं दुखणं, दिवसेंदिवस वाढतच जाणारं दुखणं, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. त्यातही घास चावताना जबडा दुखत असेल आणि कानशिलाला हात लावू देववत नसेल तर ते. यातलं काहीही झालं तर सुंठ नाही, बाम नाही, गोळी नाही, थेट दवाखाना.

"म्हणजे ओळखीचं दुखणं झोपाळ्यावर बसवायचं," आत्या म्हणाली, "अनोळखी आलं की लगेच रिक्षा बोलवायची."

"अगदी."

डोकेदुखीची नोंद ठेवायचं ठरलं. लेकीने त्यासाठी फोनमधलं ॲप काढून दाखवलं. आत्याने ते चष्मा वर करून पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. कालनिर्णय होतं, पेन्सिल दोरीला बांधलेली होती. अडचण एवढीच होती की फुली म्हणजे दूध घेतलं नाही, गोल म्हणजे धुणंवालीचा खाडा आणि बरोबरची खूण म्हणजे वीजबिल भरलं. खुणा संपल्या होत्या. आत्याने कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं. डोकं दुखलं त्या दिवशी एक लाल टिकली, आणि गोळी घेतली तर टिकलीशेजारी पेन्सिलीने एक काडी.

पुढच्या आठवड्यात ती तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. कालनिर्णय गुंडाळी करून पिशवीतून नेलं होतं. डॉक्टरांनी पट्ट्या बंद केल्या आणि झटके कमी व्हावेत म्हणून रात्री घ्यायची एक छोटी गोळी दिली. पाचव्या दिवशी रात्री नऊला तिचा फोन आला.

"तुझ्या पोरीला दे. डोकं फुटायची वेळ आली आहे माझी. पाच दिवसांत पाच टिकल्या!"

लेकीने फोन घेतला. पट्टी सुटली की दोन ते दहा दिवस डोकं आधी जास्तच दुखतं, डॉक्टरांनीही हे बजावलं होतं, हे तिने पुन्हा सांगितलं. पलीकडून काय ऐकू आलं ते लेकीने आम्हाला सांगितलं नाही, पण त्यात मास्तरीणबाईंचा आवाज होता.

आषाढात आम्ही पुन्हा साताऱ्याला गेलो. पायरीवर चपला काढतानाच माझं लक्ष ओट्याशेजारच्या खिळ्याकडे होतं. एप्रिलच्या पानाला गोवर आल्यासारखं झालं होतं. मेमध्ये अकरा टिकल्या होत्या आणि काड्या चार. जूनमध्ये सहा टिकल्या, काड्या दोन. न्हाण्याच्या दिवसाची एक टिकली सुटली नव्हती. संकष्टीची चौकट मात्र कोरी होती.

"नेम मोडलास?" मी विचारलं.

"मोडला नाही. दूध गणपतीला चालतं, साखर चालते. पत्ती तेवढी माझ्या जबाबदारीवर. सकाळी एक कप आणि दुपारी एक. आणि संध्याकाळपर्यंत राजगिऱ्याचे लाडू आहेतच."

जूनच्या शेवटच्या रविवारच्या चौकटीत मात्र दोन टिकल्या एकमेकींना चिकटवून लावल्या होत्या. एका दिवसाला दोन कशा, म्हणून लेकीने विचारलं.

आत्याने सहाण पुसून फडताळात ठेवली. "त्या दिवशी तुझ्या बापाचा फोन आला होता," ती म्हणाली, "की आम्ही सगळे चार दिवस राहायला येतोय म्हणून."